क्लिफ रिचर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या इंग्रजी गाण्यांवर लिहायला लागल्यापासून सगळ्यांत जास्त विचारणा एकाच माणसाबद्दल होते, आणि तो एल्विस नाही. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे पुढे. दोन उत्तरं एकमेकांत गुंतली असतील तिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. क्लिफ रिचर्ड नेमका कोण? आमच्या पिढीला फक्त नाव ऐकून माहीत आहे.

बीटल्स येण्याआधीच्या इंग्लंडमधला सगळ्यांत मोठा पॉप गायक. १९५८ मध्ये सतराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड आली. एकविसाव्या वर्षापर्यंत तो घराघरांतल्या पोरींचा लाडका झाला होता, आणि विशेष म्हणजे त्या पोरींच्या आयांचाही. दारू, मारामाऱ्या, भानगडी यांपैकी काही नाही. नीट भांग पाडलेला, हसतमुख, सोज्वळ मुलगा. ब्रिटनच्या चार्टवर त्याची १४ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. १९९५ मध्ये ‘सर’ झाला.

२. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला ‘तो’ काय म्हणता?

आपण लता म्हणतो, आशा म्हणतो, सचिन म्हणतो. आवडत्या माणसाला मराठीत एकेरीच हाक मारतात. शिवाय या माणसाला सगळं जग ‘क्लिफ’ म्हणतं, तिथे ‘क्लिफराव’ लिहायला हात धजत नाही.

३. तो लखनौचा आहे हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपची थाप?

खरं आहे. १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौच्या किंग जॉर्ज हॉस्पिटलमध्ये त्याचा जन्म झाला. वडील रॉजर वेब रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत मॅनेजर होते. बऱ्याच ठिकाणी ‘वडील रेल्वेत होते’ असं छापलेलं असतं. नोकरी रेल्वेशी जोडलेली होती, पण रेल्वेची नव्हती. पुढे कुटुंब हावड्याला आलं. १९४६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात दंगली उसळल्या, त्यानंतर दोन वर्षांत वेब मंडळींनी गाशा गुंडाळला.

‘मग त्याला भारतीय म्हणायचं का?’ हा जोडप्रश्न कायम येतो. माझं मत: नाही. ब्रिटिश राजवटीतल्या गोऱ्या कुटुंबात जन्मलेला मुलगा होता तो. पण इंग्लंडच्या शाळेत गेल्यावर पोरं त्याला भारतातून आला म्हणून चिडवत, हे त्यानेच सांगितलं आहे. इथे साहेबाचा पोर, तिथे इंडियावाला. असल्या मुलाला सगळ्यांना आवडून घ्यायची सवय लागली असेल तर मला नवल वाटत नाही.

४. आणि मुंबईशी त्याचा संबंध काय?

निघतानाचा. १९४८ मध्ये आईवडील आणि मुलं मुंबई बंदरातून बोटीत बसली. बोटीचं नाव ‘एसएस रांची’. सुमारे तीन आठवड्यांनी ती इंग्लंडमधल्या टिलबरीला पोचली. क्लिफ तेव्हा आठव्या वर्षात होता. भारताचा त्याने घेतलेला निरोप तो मुंबईचा.

पुढे त्याचा आवाज मात्र मुंबईत परत आला, तबकडीवरून. माझ्या काकांकडे ‘कोलंबिया’च्या तबकड्यांची एक पत्र्याची पेटी होती. लेबलवर गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि कडेला गोल फिरणाऱ्या मुंगीएवढ्या अक्षरांत ‘डमडम’. म्हणजे हावड्यात वाढलेल्या पोराचं लंडनमधलं गाणं हावड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कारखान्यात छापून गिरगावात आलं होतं. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “पेटी खाली ठेव आधी.”

५. खरं नाव काय? आणि ‘रिचर्ड’ की ‘रिचर्ड्स’?

खरं नाव हॅरी रॉजर वेब. १९५८ मध्ये एका कार्यक्रमाच्या आयोजकाला जाहिरातीसाठी ठसकेबाज नाव हवं होतं. ‘क्लिफ’ म्हणजे कडा. कडा म्हटलं की खडक, आणि खडक म्हणजे ‘रॉक’. ‘रिचर्ड’ हे लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक गायकाच्या प्रेमापोटी त्याचा साथीदार इयन सॅमवेलने सुचवलं. शेवटचा ‘स’ मुद्दाम काढला: लोक ‘रिचर्ड्स’ म्हणणार, कुणीतरी ‘अहो, रिचर्ड!’ म्हणून दुरुस्त करणार, आणि नाव दोनदा घेतलं जाणार. साठ-पासष्ट वर्षं झाली, युक्ती अजून चालते आहे. तुमच्या निम्म्या मेलांत ‘रिचर्ड्स’च असतं.

६. पहिलं गाणं कसं गाजलं?

चुकून. ऑगस्ट १९५८ मध्ये आलेल्या रेकॉर्डच्या मुख्य बाजूला ‘स्कूलबॉय क्रश’ हे अमेरिकन गाणं होतं. कंपनीची भिस्त त्यावरच होती. मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून ‘मूव्ह इट’ घातलं. ते इयन सॅमवेलने तालमीला जाताना ग्रीन लाइनच्या बसमध्ये बसून रचलं होतं. दुसरं कडवं सुचायच्या आत रेकॉर्डिंगचा दिवस आला, म्हणून क्लिफ पहिलंच कडवं पुन्हा म्हणतो. लक्ष देऊन ऐका, कळेल.

निर्माता नॉरी पॅरामोर हा जुन्या वळणाचा, मोठ्या वाद्यवृंदात रमणारा माणूस. गल्लीतल्या पोरांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने गिटार आणि बासला स्टुडिओतले पगारी वादक आणले. (गिटारवाल्याचं नाव सतराव्या उत्तरात.) मग जॅक गुड या टीव्ही निर्मात्याने रेकॉर्ड उलटी करून ऐकली आणि बजावलं: माझ्या ‘ओ बॉय!’ कार्यक्रमात यायचं तर मागची बाजू गायची. ‘मूव्ह इट’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. तोवर इंग्लंडमध्ये रॉक अँड रोल म्हणजे अमेरिकेची नक्कल. हे गाणं ऐकताना पहिल्यांदा वाटतं की ही पोरं नक्कल करत नाहीयेत.

गाणं येईपर्यंत क्लिफ एनफील्डच्या दिव्यांच्या कारखान्यात फायली लावणारा कारकून होता.

७. तो पहिल्यापासून इतकाच सोज्वळ होता का?

मुळीच नाही, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यांत रंजक गोष्ट हीच आहे.

१९५८ चा क्लिफ म्हणजे कमरेला झटके, वाकडा ओठ, खालून वर रोखलेले डोळे. जॅक गुडने त्याला गालावरचे कल्ले उडवायला लावले आणि गळ्यातली गिटार काढून घेतली. का, तर त्यामुळे तो एल्विसची छोटी आवृत्ती दिसत होता. पण गिटार गेल्यावर हात मोकळे झाले आणि सगळं लक्ष अंगविक्षेपांवर गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या संगीत साप्ताहिकाने त्याच्या टीव्हीवरच्या हालचाली किळसवाण्या आहेत अशा अर्थाची झोड उठवली. हा पोरगा घरच्या पडद्यावर दाखवण्याजोगा आहे का, अशी चर्चा वर्तमानपत्रांत झाली. ज्याच्या नाताळच्या गाण्यांना आज लोक ‘आजीची गाणी’ म्हणून हसतात, त्याच्याबद्दल बरं का!

पालट झाला तो १९५९ मध्ये, एका गाण्याची लय बदलल्यामुळे. ‘सीरियस चार्ज’ या सिनेमासाठी लायनेल बार्टने ‘लिव्हिंग डॉल’ रचलं, ते धांगडधिंग्याच्या अंगाने. क्लिफला आणि बँडला ते पसंत नव्हतं, पण कराराप्रमाणे रेकॉर्ड काढणं भाग होतं. दौऱ्यावर असताना गिटारवादक ब्रूस वेल्चने सुचवलं की संथ करून बघू, थोडं गावाकडच्या चालीसारखं. झालं! गाणं सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि क्लिफला कळलं की वाकड्या ओठापेक्षा सरळ हसू जास्त घरांत शिरतं. पोरीही त्याच राहिल्या, वर त्यांचे आईबाप आले.

लोक याला ढोंग म्हणतात. मला ते पटत नाही. ओठ वाकडा करणं हे उसनं होतं, मवाळपणा त्याचा स्वतःचा. पण तो मवाळपणा त्याने पुढची साठ वर्षं एखाद्या पेढीसारखा सांभाळला, हेही तितकंच खरं.

८. ‘शॅडोज’ हा त्याचाच बँड की वेगळा?

दोन्ही. आधी बँडचं नाव ‘ड्रिफ्टर्स’ होतं. अमेरिकेत त्याच नावाची नामांकित मंडळी आधीपासून असल्याने ते बदलावं लागलं, आणि १९५९ मध्ये जेट हॅरिसने ‘शॅडोज’ सुचवलं. हँक मार्विन, ब्रूस वेल्च, जेट हॅरिस आणि ढोलांवर टोनी मीहन, ही मूळ चौकडी. क्लिफला साथ करायची आणि स्वतःची वाद्यसंगीताची रेकॉर्डही काढायची, असं दुहेरी काम.

त्यातून एक गंमत झाली. १९६० च्या ऑगस्टमध्ये क्लिफचं ‘प्लीज डोन्ट टीज’ पहिल्या क्रमांकावर होतं. त्याला खाली खेचलं ते शॅडोजच्या ‘अपाची’ने, म्हणजे त्याच्याच मागे उभ्या असणाऱ्या पोरांनी.

हँकची ती लाल फेंडर गिटार क्लिफनेच पैसे मोजून अमेरिकेहून मागवलेली. त्या काळी तसली गिटार इंग्लंडमध्ये दुकानात मिळत नव्हती. तिच्या आवाजावर पुढे कितीतरी गिटारवादकांची पिढी पोसली गेली.

९. सिनेमे बघण्यासारखे आहेत का?

दोन. ‘द यंग वन्स’ (१९६१) आणि ‘समर हॉलिडे’ (१९६३). दुसऱ्यात लंडनचे बस मेकॅनिक लाल दुमजली बस घेऊन युरोपभर हिंडत अथेन्सला जातात. गोष्ट एवढीच, पण बस बघायला मजा येते. बेस्टच्या दुमजलीत वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला धावलेल्यांना जास्तच. ‘द यंग वन्स’च्या रेकॉर्डची बाजारात येण्याआधीच पाच लाखांवर नोंदणी झाली होती आणि जानेवारी १९६२ मध्ये ती थेट पहिल्या क्रमांकावर उतरली.

‘एक्स्प्रेसो बोंगो’ (१९५९) मुद्दाम शोधा. एका भोळ्या गायक पोराला दलाल कसा बाजारात उभा करतो, याची ती गोष्ट. त्या पोराचं काम क्लिफनेच केलं आहे, आणि ते बघताना सातव्या उत्तराची आठवण येईल. बाकीचे वेळ असेल तर.

१०. बीटल्स आले आणि क्लिफ संपला, बरोबर ना?

पोरींचा नंबर एकचा देव म्हणून, हो. तारखाच बघा. मार्च १९६३ मध्ये ‘समर हॉलिडे’ पहिलं, मग एक आठवडा शॅडोजचं ‘फूट टॅपर’, मग पुन्हा ‘समर हॉलिडे’. एप्रिलमध्ये लिव्हरपूलची पोरं (बीटल्सही तिथलेच) शिखरावर यायला लागली आणि खेळच पालटला. क्लिफ तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता!

गायक म्हणून मात्र संपला नाही. १९६५ मध्ये ‘द मिनिट यू आर गॉन’ पहिलं आलं, १९६८ मध्ये ‘काँग्रॅच्युलेशन्स’. सत्तरच्या दशकाच्या मध्यात गाडं खरंच रुतलं होतं. तेव्हा १९७६ मध्ये ब्रूस वेल्चनेच निर्माता होऊन त्याच्याकडून एक अल्बम करवून घेतला. त्याचं नाव ‘आय अ‍ॅम निअर्ली फेमस’, म्हणजे ‘मी जवळपास प्रसिद्ध आहे’. अठरा वर्षं गाजलेल्या माणसाने स्वतःची अशी टर उडवावी, हे मला फार आवडतं.

११. धर्मासाठी गाणं सोडणार होता असं वाचलं. खरं का?

विचार पक्का होता. १९६१ मध्ये वडील गेले, क्लिफ तेव्हा वीस वर्षांचा. त्यानंतर तो धर्माकडे ओढला गेला आणि जून १९६६ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये बिली ग्रॅहॅम या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या सभेत हजारो लोकांसमोर आपल्या ख्रिस्तश्रद्धेची त्याने जाहीर कबुली दिली. गाणं बंद करून शाळेत शिकवायचं त्याच्या मनात होतं. शेवटी गाणंही चालू आणि श्रद्धाही चालू, असा मार्ग निघाला.

ज्या वर्षांत बाकीचे केस वाढवून गांजा ओढत होते त्या वर्षांत हे करणं धंद्याच्या दृष्टीने आतबट्ट्याचं होतं. सोज्वळपणा फक्त विक्रीसाठी होता असं म्हणणाऱ्यांना हा भाग समजावून सांगता येत नाही.

१२. स्वतःचंच गाणं त्याने मागे घेतलं ते कोणतं?

‘हाँकी टाँक एंजल’, १९७५. रेकॉर्ड बाजारात गेली, आणि मग कुणीतरी त्याला सांगितलं की अमेरिकन बोलीत या शब्दांचा अर्थ वेश्या असा होतो. त्याने स्वतःच गाण्याचा प्रचार थांबवला आणि लोकांना घेऊ नका म्हणाला. पुढच्याच वर्षी ‘डेव्हिल वुमन’ गायला, यावर बरेच जण बोट ठेवतात. त्याचं म्हणणं असं की ते गाणं जादूटोण्यापासून सावध करणारं आहे. शब्द वाचले तर म्हणणं अगदीच खोटं नाही.

१३. युरोव्हिजन तो जिंकला होता ना?

नाही. युरोपातल्या देशांच्या या गाण्यांच्या स्पर्धेत ‘काँग्रॅच्युलेशन्स’ १९६८ मध्ये लंडनच्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका गुणाने हरलं. स्पेन २९, ब्रिटन २८. १९७३ मध्ये पुन्हा गेला, तिसरा आला. जिंकलेलं स्पॅनिश गाणं आज आपल्याकडे कुणी गुणगुणत नाही, आणि हरलेलं मात्र गोव्यातल्या लग्नात केक कापताना वाजलेलं मी ऐकलं आहे.

१४. सगळीकडे चालला, मग अमेरिकेत का नाही?

१९६० मध्ये तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा फ्रँकी अ‍ॅव्हलॉनसारखे तिथले देखणे, सभ्य गायक आधीच जागा अडवून बसले होते. त्यांच्याच घरी त्यांचाच माल विकायला जाण्यासारखं झालं. नंतर बीटल्सनी दार उघडलं, पण तोवर अमेरिकेला इंग्लंडकडून वेगळंच काही हवं होतं. तिथे खरं यश मिळालं ते पस्तिशी ओलांडल्यावर. ‘डेव्हिल वुमन’ सहाव्या क्रमांकावर, ‘वी डोन्ट टॉक एनीमोर’ सातव्या, ‘ड्रीमिन’ दहाव्या. पहिल्या पाचात एकही नाही.

१५. पाच दशकांत प्रत्येकी एक तरी पहिला नंबर, हा विक्रम खरा का? लग्न का केलं नाही? आणि २०१४ च्या पोलीस प्रकरणाचं काय झालं?

तीन प्रश्न बहुधा एकाच मेलमध्ये येतात, म्हणून एकत्र.

विक्रम खरा आहे: पन्नास ते नव्वद, पाचही दशकं. पण काठावर पास. सत्तरच्या दशकातलं एकमेव पहिलं गाणं ‘वी डोन्ट टॉक एनीमोर’, आणि ते आलं ऑगस्ट १९७९ मध्ये. पाच महिने उशीर झाला असता तर विक्रम हुकला असता. नव्वदच्या दशकातलं शेवटचं ‘मिलेनियम प्रेयर’, तेही जेमतेम आलं. त्याच्या नेहमीच्या कंपनीने ते काढायला नकार दिला, दुसरीकडून आलं आणि १९९९ च्या शेवटी तीन आठवडे वर राहिलं. गाणं मला कंटाळवाणं वाटतं, पण हट्टाला दाद.

लग्न केलं नाही. ‘बॅचलर बॉय’ हे गाणं त्याने ब्रूस वेल्चबरोबर लिहिलं, तेव्हा तो जेमतेम बाविशीचा होता. यापलीकडे त्याच्या खाजगी आयुष्यावर इथे लिहिणार नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये एका जुन्या तक्रारीवरून पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती हेलिकॉप्टरमधून दाखवली. त्याला अटक झाली नाही, त्याच्यावर गुन्हा ठेवला गेला नाही. २०१६ मध्ये सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. खाजगीपणाचा भंग केल्याबद्दल त्याने बीबीसीवर दावा लावला आणि जुलै २०१८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने २,१०,००० पौंड भरपाई मंजूर केली. अजूनही कुणी अर्धवट बातमी पुढे पाठवत असेल तर त्याला हा परिच्छेद पाठवा.

१६. जुनी गाणी आता ‘फ्री’ झाली म्हणतात. लग्नाच्या व्हिडिओला ‘लिव्हिंग डॉल’ लावू का?

इथे भल्याभल्यांची गफलत होते. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, गाण्याचा वेगळा.

युरोपात रेकॉर्डिंगला पूर्वी ५० वर्षं संरक्षण होतं. ते ७० करावं म्हणून झालेल्या मोहिमेत क्लिफ इतका पुढे होता की काही जण त्या कायद्याला त्याचंच नाव देत. नियम २०११ मध्ये मंजूर झाला आणि ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाला, पण ज्यांची मुदत आधीच संपली त्यांना लाभ नाही. म्हणजे ‘मूव्ह इट’ (१९५८), ‘लिव्हिंग डॉल’ (१९५९), ‘द यंग वन्स’ (१९६२) हातची गेली. ‘समर हॉलिडे’ (१९६३) अवघ्या दोन महिन्यांच्या फरकाने वाचलं. मोहीम चालवणाऱ्याचीच सुरुवातीची गाणी निसटली.

भारतात रेकॉर्डिंगला प्रकाशनानंतर ६० वर्षं, त्यामुळे ही चारही आपल्याकडे मोकळी. पण शब्द आणि चाल? ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लायनेल बार्ट १९९९ मध्ये वारले, म्हणजे ‘लिव्हिंग डॉल’च्या रचनेचा हक्क अजून कित्येक वर्षं शाबूत आहे. शिवाय १९८६ मध्ये ‘द यंग वन्स’ नावाच्या विनोदी मालिकेतल्या नटांबरोबर मदतनिधीसाठी केलेलं ‘लिव्हिंग डॉल’ हे वेगळं रेकॉर्डिंग. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं आणि त्याची मुदत बाकी आहे. घरच्यांना दाखवायच्या व्हिडिओची गोष्ट निराळी, पण इंटरनेटवर चढवणार असाल तर परवानगीचं बघा.

१७. सगळं वाचलं. आता कुठून ऐकायला सुरुवात करू?

‘मूव्ह इट’, ‘लिव्हिंग डॉल’, ‘द नेक्स्ट टाइम’, ‘मिस यू नाइट्स’, ‘वी डोन्ट टॉक एनीमोर’. याच क्रमाने. नाताळची गाणी डिसेंबरपर्यंत ठेवा. यूट्यूबवर १९९६ च्या विम्बल्डनची चित्रफीतही सापडेल: पावसाने खेळ थांबलेला, क्लिफ सेंटर कोर्टाच्या प्रेक्षकांत उभा राहून विनावाद्य गातोय आणि मागे कोरसला मार्टिना नवरातिलोवा.

‘मूव्ह इट’ ऐकताना हेडफोन लावा. सुरुवातीची ती करकरीत गिटार हँक मार्विनची आहे असं कुणी सांगेलच. हँक तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता. ती एर्नी शिअरने वाजवली आहे. चहाची पैज लावायला हरकत नाही.